लग्नात वधूने दागिने घालावेत का? ख्रिस्ती सभासदांची मते आणि अनुभव हवे आहेत

मार्थाची_मावशी | शनिवार, सकाळी ९.४०

सर्वांना सलाम. माझ्या दिवंगत बहिणीच्या मुलीचे लग्न मे महिन्यात ठरले आहे. बहीण गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, ही मुलगी आमच्या वडगाव शेरीच्या घरी वाढली. आम्ही उत्तर भारतीय मंडळीतले म्हणजे सी.एन.आय. या प्रॉटेस्टंट चर्चचे लोक आहोत. आमच्याकडे मंगळसूत्र, दोन बांगड्या आणि जोडवी यांबद्दल कोणी कधी काही विचारले नाही. मुलगा सालस आहे, नोकरी चांगली आहे. मात्र त्याचे कुटुंब एका स्वतंत्र मंडळीत जाते. बोलणी संपता संपता त्याच्या आईने शांतपणे सांगितले की, त्यांच्यात सोने घालत नाहीत. उपासनेच्या वेळी वधूच्या अंगावर एकही दागिना नसावा, अंगठी आणि मंगळसूत्रही नसावे, अशी त्यांची इच्छा आहे.

बहिणीची बोरमाळ आणि मंगळसूत्र मी बँकेच्या लॉकरमध्ये जपून ठेवले आहे. परवा ते काढून पाहिले. दोन वाट्यांच्या मध्ये छोटा क्रूस आहे आणि त्या क्रूसाची मागची बाजू झिजून अगदी गुळगुळीत झाली आहे, कारण प्रार्थना करताना तो अंगठ्याखाली धरून ठेवायची तिला सवय होती. हे मंगळसूत्र मुलीच्या गळ्यात घालायचे, असे मी मनाशी ठरवून ठेवले होते. पवित्र शास्त्र दागिन्यांना खरोखर मनाई करते का, आणि अशा दोन रीतींच्या घरांनी लग्न कसे पार पाडले, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

सांडग्याची_मिरची | शनिवार, सकाळी १०.०५

मावशी, मुलाकडचे लोक सोने मागत नाहीत आणि वर घालूही नका म्हणतात, असे स्थळ पुण्यात मिळाल्याबद्दल आधी आभाराची उपासना ठेवा. मात्र अंगावर चालत नसलेले सोने त्यांना कपाटात चालते का, एवढे आडवळणाने विचारून घ्या. मला असे एक घर ठाऊक आहे.

कसबा_पेठी | शनिवार, दुपारी १२.३०

या विषयावर जी दोन वचने नेहमी पुढे केली जातात, ती तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आणि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहेत. प्रेषित पौल म्हणतो की स्त्रियांची शोभा केसांची गुंफण, सोने, मोती आणि महागडी वस्त्रे यांत नसून सत्कृत्यांत असावी. पेत्रही तेच सांगतो. परंतु त्याच्या वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. मूळ ग्रीकमध्ये तो केस गुंफणे, सोने घालणे आणि 'वस्त्रे घालणे' असे तीन प्रकार सांगतो. तिसऱ्या प्रकारात 'उंची' हा शब्द मुळात नाही, तो अनेक भाषांतरकारांनी अर्थ लागावा म्हणून जोडला आहे. हे वाक्य सरळ मनाई म्हणून वाचले, तर सोन्याबरोबर कपडेही सोडावे लागतील. म्हणून पेत्र येथे मनाईचा नियम करत नाही, शोभा कशाला म्हणावे हे सांगतो, असे मला वाटते.

पौलाचे पत्र इफिसात असलेल्या तीमथ्याला आहे. इफिस हे आशिया प्रांतातले श्रीमंत बंदर होते आणि त्या काळच्या सधन रोमी स्त्रिया केशरचनेत सोने व मोती गुंफत असत. अशी एक स्त्री सभेत पुढे येऊन बसली की तिच्या मागे बसलेल्या दासीला आपले स्थान कोणी न सांगता कळत असे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत येतो, त्याला चांगल्या जागी बसवतात आणि गरिबाला उभे राहायला किंवा पायांजवळ बसायला सांगतात. तेथे याकोब अंगठीवाल्याला रागावत नाही, त्याला जागा करून देणाऱ्यांना रागावतो.

फक्त_वचन | शनिवार, दुपारी १.१५

कसबा_पेठी सरांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे. परंतु सोन्याला वाट काढून द्यायला ग्रीक लागते आणि सोने सोडायला मराठी पुरते, हे गेल्या पंधरा वर्षांत माझ्या लक्षात आले आहे. दोन प्रेषितांनी वेगवेगळ्या ठिकाणी सोन्याचे नाव घेऊन तेच सांगितले, तर आपण ते साधेपणाने का ऐकू नये? उत्पत्तीच्या पुस्तकातल्या याकोबाने बेथेलला जाण्यापूर्वी घरातल्या परक्या देवांच्या मूर्तींबरोबर कानांतली कुंडलेही शखेमजवळच्या झाडाखाली पुरली. सोन्याचे वासरू कशाचे घडले? बायका-मुलांच्या कानांतल्या कुंडलांचेच ना?

हा कोणा नव्या मंडळीचा हट्ट आहे, असेही समजू नये. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७४३ मध्ये आपल्या सभासदांसाठी जे सर्वसाधारण नियम घालून दिले, त्यांत सोने आणि महागडी वस्त्रे घालण्याला स्पष्ट नकार आहे. ब्रह्मदेशात काम करणारे मिशनरी अडोनिराम जडसन यांनी १८३१ मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस्ती स्त्रियांना याच विषयावर लांबलचक पत्र लिहिले. तिथल्या करेन जमातीतल्या नव्या विश्वासी स्त्रियांना दागिने सोडा असे सांगताना त्यांना अडचण येत होती, कारण मायदेशाहून येणाऱ्या भगिनीच दागिने घालून बोटीतून उतरत होत्या.

माझ्या पत्नीने तिच्या वाट्याचे नऊ तोळे आमच्या पुतण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मोडले आणि त्यानंतर पुन्हा केले नाहीत. तिला कोणी जबरदस्ती केली नव्हती.

रविवार_पेठी_सराफ | शनिवार, दुपारी ३.५०

मी ख्रिस्ती नाही, धंद्याने सराफ आहे. आमच्या दुकानात क्रूसाची पदके आणि वाट्या-क्रूस अशी मंगळसूत्रे नेहमी घडतात, म्हणून धागा वाचत होतो. एक शंका आहे. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी मला सांगितले होते की तुमच्या शास्त्रात वधूला सोने दिल्याचे वजनासकट लिहिले आहे. ते खरे आहे का?

कसबा_पेठी | शनिवार, सायंकाळी ५.१०

खरे आहे. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी वधू शोधायला जातो आणि रिबकेला अर्ध्या शेकेलाची नथ आणि दहा शेकेलांच्या दोन सोन्याच्या बांगड्या देतो. शेकेल सुमारे साडेअकरा ग्रॅमचा धरतात.

रविवार_पेठी_सराफ | शनिवार, सायंकाळी ५.३५

म्हणजे तो आमचा जुना तोळाच झाला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आता व्यवहारात दहा ग्रॅमचा धरतात. अर्ध्या तोळ्याची नथ आणि पाच-पाच तोळ्यांची एकेक बांगडी! बांगड्या कशाच्या, तोडेच म्हणायचे. आज एवढे घडवून घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही आधी खुर्ची देतो, मग चहा.

सांडग्याची_मिरची | शनिवार, सायंकाळी ५.५०

कसबा_पेठी सर, याकोबाच्या पत्रातली खुर्ची रविवार पेठेत सापडली. सराफकाका, रिबकेने त्याआधी दहा उंटांना विहिरीचे पाणी ओढून पाजले होते, हेही हिशेबात धरा. तहानलेला उंट एका बैठकीत किती पाणी पितो ते पाहिले, तर दहा तोळे ही मजुरीच होती.

पिंपरी_कोट्टयम | शनिवार, रात्री ९.२०

माझा जन्म पिंपरीचा आणि घर मूळचे मध्य केरळातले आहे. आमच्या कुटुंबाच्या दोन शाखा आहेत आणि लग्नाच्या फोटोंत त्या एका नजरेत वेगळ्या ओळखू येतात. आजोबांची शाखा केरळातल्या जुन्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतली असल्याने तिच्यात वधूच्या गळ्यात 'मिन्नू' बांधतात. पिंपळपानाच्या आकाराचे ते इवलेसे सोन्याचे पान असते, त्यावर सोन्याच्या बारीक मण्यांचा क्रूस असतो आणि वराकडून आलेल्या मंत्रकोडी साडीचे सात धागे काढून, वळून, त्यांत ते ओवतात. हा मान मिन्नूचा असला तरी त्याच्या भोवती वधूच्या अंगावर जे सोने चढते, त्याच्या वजनाची चर्चा वर्षभर चालते.

माझे वडील पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या मंडळीत गेले आणि आमच्या शाखेतले सोने संपले. माझ्या आईच्या कानांची भोके बुजून गेली आहेत, फक्त दोन ठिपके दिसतात. केरळातल्या पेंटेकॉस्टल लोकांच्या सोने न घालण्यामागे वचन आहेच. पण मला वडिलांनी दिलेले कारण वेगळे होते. ते म्हणत, एकाच बाकावर जुन्या तालेवार घरातली बाई आणि शेतमजूर बाई बसली, तर दोघींच्या गळ्यांकडे पाहून कोण कोणाची हे कोणाला ओळखता येऊ नये. ही गोष्ट मला आजही पटते. मात्र त्याच मंडळीत पुढे साड्यांवरून, मग मनगटी घड्याळांवरून आणि मग परदेशातल्या नोकऱ्यांवरून कोण कोणाचे हे ओळखता येऊ लागले, हेही मी पाहिले आहे.

सांडग्याची_मिरची | शनिवार, रात्री ९.३५

घड्याळ 'उपयुक्त वस्तू' या सदरात मोडते. सोनेरी पट्ट्याचे असल्यास फार उपयुक्त.

हडपसरची_सून | रविवार, दुपारी २.००

मावशींनी अनुभव मागितला आहे, म्हणून लिहिते. आठ वर्षांपूर्वी मी अशाच घरात सून म्हणून आले. लग्नाच्या आदल्या रात्री बांगड्या उतरवताना साबण लावावा लागला. त्यांच्या खालची कातडी इतकी गोरी होती की ते मनगट माझे नसून कोणा दुसरीचे आहे, असे वाटले. पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी दारातच, "अगं, ही काय लंकेची पार्वती होऊन आलीस," असे म्हटले, आणि माझी आई आत जाऊन रडली. तिला सोन्याचे दुःख नव्हते, भुंड्या हातांचे होते.

आता मला सवय झाली आहे. प्रवासात गळ्याला हात लावून पाहावे लागत नाही, हे सुख मोठे आहे. खटकते ते इतकेच की, माझी दोन तोळ्यांची साखळी ऐहिक ठरली आणि मोठ्या जावेची तिच्याहून महाग पैठणी मात्र साधी राहणी ठरली.

रास्ता_पेठ_२ | रविवार, दुपारी २.२५

पैठणीवरून आठवले. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्या वक्त्यांनी अलंकारत्यागावर तासभर उपदेश केला आणि नंतर ज्या गाडीत बसून ते गेले, तिच्या किमतीत आमच्या संपूर्ण मंडळीची मंगळसूत्रे झाली असती.

खडकी_बाजार | रविवार, दुपारी २.४०

कोणती गाडी होती? आमच्याकडेही बहुधा तेच आले होते.

संपादक | रविवार, दुपारी ३.१०

गाड्यांवर स्वतंत्र धागा काढावा. व्यक्ती ओळखू येईल असे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

नाना_पेठेतला_घंटानाद | रविवार, सायंकाळी ६.१५

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे विवाहविधीत फादर अंगठ्यांना आशीर्वाद देतात आणि मराठी घरांत त्याच तबकात मंगळसूत्रही ठेवलेले असते. आमच्या बिशपांच्या बोटात अंगठी असते आणि काही संघांच्या सिस्टरसुद्धा कायमचे व्रत घेताना अंगठी घेतात, त्यामुळे धातूविषयी आम्हाला अडचण नाही.

मंगळसूत्राबद्दल मात्र आमच्या इतिहासात मोठा वाद झालेला आहे. नगर रस्त्यावर ज्यांच्या नावाने दे नोबिली कॉलेज उभे आहे, ते इटालियन जेझुइट मिशनरी रॉबर्ट दे नोबिली १६०६ मध्ये मदुराईला आले आणि त्यांनी संन्याशाचा वेष घेतला. स्थानिक चालीरीतींपैकी कोणत्या नव्या ख्रिस्ती माणसाने ठेवाव्यात, हा वाद त्यांच्या नंतरही चालू राहिला. १७०४ मध्ये रोमहून आलेले पोपचे दूत दे तूर्नों यांनी पुद्दुचेरीला हुकूम काढला आणि पिळ्ळैयार म्हणजे गणपतीची आकृती असलेली ताळी (तमिळ मंगळसूत्र) ख्रिस्ती स्त्रियांनी घालू नये, असे सांगितले. तरीही गळा मोकळा ठेवा, असे ते म्हणाले नाहीत. क्रूसाची किंवा येशू-मरियेची आकृती असलेली चालेल, असे त्यांनी ठरवले. मार्थाच्या मावशी, तुमच्या बहिणीच्या गळ्यातला दोन वाट्यांमधला क्रूस हा तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या भांडणातून निघालेल्या तोडग्याचा दूरचा नातलग आहे.

फक्त_वचन | रविवार, रात्री ८.००

प्रश्न आकृतीपुरता नाही. काळे मणी दृष्ट लागू नये म्हणून घालतात आणि मंगळसूत्र पतीच्या आयुष्यासाठी घालतात, असे आपल्या आसपास सर्व जण मानतात. आपले आयुष्य प्रभूच्या हाती आहे असे म्हणायचे आणि गळ्यात दृष्टीचे मणी घालायचे, हे विसंगत नाही का?

कसबा_पेठी | रविवार, रात्री ९.१०

हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु मूळ शोधत गेल्यास अंगठीही टिकणार नाही. वाग्दानाची अंगठी ख्रिस्ती होण्याआधी रोमी होती. इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे चर्चमधल्या जुन्या रीती काढून टाकू पाहणाऱ्या पाळकांनी १६०३ मध्ये राजा जेम्सला जो अर्ज दिला, त्यात ज्या गोष्टी सुधारा असे म्हटले होते, त्यांत विवाहातली अंगठीही होती. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने याहून व्यवहारी भूमिका घेतली. तो स्त्रियांच्या सोन्यावर तुटून पडतो, पण मुद्रेच्या अंगठीला परवानगी देतो, कारण घरातल्या वस्तूंवर शिक्का मारायला ती लागते. आणि शिक्क्यावर कबुतर, मासा, गलबत, वीणा किंवा जहाजाचा नांगर असावा, मूर्ती, तलवार किंवा मद्याचा पेला नसावा, असे सांगतो. त्याने वस्तू तीच ठेवली आणि तिच्यावरची खूण बदलली.

सोन्याच्या वासराबद्दल एक पुरवणी जोडतो. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात कुंडलांचे वासरू झाले हे खरे. पण पस्तिसाव्या अध्यायात त्याच लोकांनी उरलेली कुंडले, अंगठ्या आणि कंठभूषणे निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी आणून दिली. आणि येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात बाप परत आलेल्या मुलासाठी सर्वांत आधी उत्तम झगा आणि अंगठीच मागवतो.

निळी_ओढणी | रविवार, रात्री ११.४०

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आतापर्यंत ही सर्व चर्चा ज्यांच्याकडे सोने होते आणि ज्यांनी ते सोडायचे की नाही हे ठरवले, त्यांच्या बाजूने झाली आहे. माझी पणजी नगर जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरची. तिच्या अंगावर दागिने नव्हते असे नाही, पुष्कळ होते. पण ते कथलाचे आणि हिणकस चांदीचे होते, कोपरापर्यंत. सोने घालायची ऐपत नव्हती आणि ऐपत असती तरी गावाने घालू दिले नसते. ते जड कडे तिच्या जातीची पाटी होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, लुगडे नेसण्याची ती पद्धत आणि ते गळाभर, हातभर दागिने टाकून द्या, त्यांनी तुमची ओळख पटते. घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. आमच्या घराला ही दोन्ही वाक्ये पाठ आहेत, आणि आमचे घर त्याआधी एक पिढी ख्रिस्ती झालेले होते.

माझ्या आजीने शिक्षिकेच्या पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवून गुंजा-गुंजांनी एक साखळी केली. रविवारी ती पदराबाहेर काढून ठेवायची. त्या साखळीला कोणी गर्व म्हटले तर मला हसू येते. पौलाने इफिसच्या श्रीमंत स्त्रियांना जे सांगितले, ते माझ्या आजीला सांगितलेले नाही. जडसन साहेबांच्या त्या पत्रात एका करेन स्त्रीच्या गळ्यातल्या बारा ते पंधरा माळा मोजल्याचा उल्लेख आहे. त्या माळा तिला काय होत्या, हे तिच्या तोंडून ऐकायला मला आवडले असते.

याउलट यशयाचा तिसरा अध्याय आम्हाला आवडतो. पैंजण, कर्णफुले, नथी, आरसे यांची तेथली लांबलचक यादी सर्व जण वाचून दाखवतात. तिच्या चारच वचने आधी, गरिबांपासून लुटलेले तुमच्या घरांत आहे, असे परमेश्वर वडीलजनांना विचारतो. यादी तेथून वाचायला घ्यावी.

केडगाव_लोकल | सोमवार, सकाळी ७.५५

निळी_ओढणी ताई, तुमचा प्रतिसाद गाडीत वाचला आणि हडपसरच्या ताईंच्या आईचे रडणेही त्याबरोबर आठवले. माझी नोकरी केडगावला असल्याने पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या फाटकावरून रोज जातो. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले विधवांसाठीचे शारदा सदन दुसऱ्या वर्षी पुण्यात आले, तेव्हा तेथे आलेल्या बालविधवांच्या अंगावरचे दागिने आधीच उतरवलेले होते, आणि ते शिक्षा म्हणून उतरवलेले होते. ज्या प्रांतात बाईचा हात मोकळा करणे म्हणजे तिला उत्सवातून, हळदीकुंकवातून, पंगतीतून उठवणे होते, तेथे मोकळ्या हाताला साधेपणा म्हणा, असे एका पिढीत सांगून होत नाही. शास्त्रातही होरेब डोंगरापाशी इस्राएल लोक दागिने उतरवतात ते शोक म्हणूनच. लग्नाच्या दिवशी वधूच्या मावशीला हेच खुपत असेल, तर तो तिचा ऐहिकपणा नव्हे.

फक्त_वचन | सोमवार, सकाळी ९.३०

निळी_ओढणी ताई, तुमच्या आजीची साखळी मी गर्व म्हणणार नाही. जे मला सोडावेसे वाटले ते तुमच्या आजीला मिळवावे लागले होते, हा फरक मी कधी विचारात घेतला नव्हता. माझे मत बदलले आहे असे मात्र नाही. लग्नातल्या सोन्यासाठी कर्ज काढणारी ख्रिस्ती घरे माझ्या डोळ्यांसमोर आहेत, आणि 'आम्ही घालत नाही' हे वाक्य त्या घरांना वाचवू शकते. वेस्लींचा आग्रहही शेवटी तोच होता की, पोशाखावर उधळलेला पैसा गरिबाचा असतो.

सांडग्याची_मिरची | सोमवार, सकाळी ९.५०

या मुद्द्यावर माझे आणि फक्त_वचन दादांचे एकमत झाले आहे, तारीख लिहून ठेवा. नाकापेक्षा मोती जड झालेली लग्ने मीही दोन पाहिली. एका घराने त्यात जमीन घालवली. पण मावशींच्या लॉकरमधले सोने कर्जाचे नाही. ते आईचे आहे.

रविवार_पेठी_सराफ | सोमवार, दुपारी १२.१५

एक धंद्याची गोष्ट सांगून ठेवतो. कोणत्याही निर्णयाने बोरमाळ मोडीत काढायची वेळ आली, तर आधी खात्री करून घ्या. जुन्या बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. काट्यावर जे वजन दिसते, त्यातली लाख जाळल्यावर हाती येणारे सोने बरेच कमी भरते, आणि मग गिऱ्हाईकाला वाटते की सराफाने मारले. शिवाय आईच्या हातची वस्तू एकदा मुशीत गेली की गेली.

मार्थाची_मावशी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ७.३०

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवते.

मिरचीताईंचा सल्ला मानून मी आडवळणाने विचारायला गेले आणि ते मला जमले नाही, सरळच विचारले. मुलाची आई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी सांगितले की, त्यांच्या लग्नातल्या पाच तोळ्यांसाठी त्यांच्या वडिलांनी दीड एकर गहाण टाकले होते. ते सोने दोन वर्षांत नवऱ्याच्या आजारपणात विकले गेले, आणि जमीनही सुटली नाही. त्यानंतर नातेवाइकांच्या लग्नांत त्या मुद्दाम मागच्या रांगेत बसत, कोणी गळ्याकडे पाहू नये म्हणून. आता ज्या मंडळीत जातात, तेथे पहिल्याच रविवारी त्यांना कोणी तरी पुढच्या सतरंजीवर बोलावून बसवले. तेथे सर्वांचेच गळे मोकळे होते. कसबा_पेठी सरांनी याकोबाच्या पत्राविषयी लिहिले होते, ते मला त्या वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आठवले. मी त्यांना नियमांवर बोट ठेवणारी बाई समजत होते, याची मला लाज वाटली.

भाचीने स्वतः तिचे म्हणणे सांगितले. बांगड्या, बोरमाळ, कानांतले यांपैकी काहीही ती घालणार नाही, आणि याबद्दल तिला मुळीच वाईट वाटत नाही. आईचे मंगळसूत्र तेवढे घालू द्यावे, असे ती म्हणाली. त्यांनी ते हातात घेतले, उलटे करून क्रूसाची मागची बाजू पाहिली आणि ती अशी का झिजली ते विचारले. मी सांगितले. त्या दिवशी त्या होय म्हणाल्या नाहीत, पाळकांशी बोलते एवढेच म्हणाल्या.

काल त्यांचा फोन आला. उपासनेत अंगठ्यांऐवजी पवित्र शास्त्राच्या प्रती एकमेकांना द्यायच्या, ही त्यांच्या मंडळीची रीत आहे तशीच राहील. मंगळसूत्र उपासनेनंतर घरी आल्यावर त्या स्वतःच्या हाताने मुलीच्या गळ्यात घालतील. काळ्या मण्यांबद्दल त्यांच्या पाळकांना फक्त_वचन दादांसारखीच शंका आहे, म्हणून वाट्या आणि क्रूस सोन्याच्या साध्या साखळीत घ्यावेत की बारीक लाल पोवळ्यांत, हे अजून ठरायचे आहे. मला काळे मणी हवे होते, हे मी लपवत नाही. बोरमाळ लॉकरमध्ये परत गेली आहे.

सराफदादा, एक विचारायचे आहे. जुना दोरा कुजला आहे आणि क्रूस ज्या कडीत आहे ती कागदासारखी पातळ झाली आहे. ओवून घेण्याआधी काय करावे?

रविवार_पेठी_सराफ | रविवार, रात्री ८.१०

ताई, ओवायला तुळशीबागेत देऊ शकता, पण आधी कडी बदलून घ्या. झिजलेल्या कडीला नुसता डाग दिला तर ती शेजारून तुटते, म्हणून नवी, थोडी जाड तारेची कडी घाला आणि तिचे तोंड नीट झाळून घ्या, नाहीतर पदराच्या सुतात अडकून क्रूस एके दिवशी निघून येईल. काम समोर बसून करून घ्या, वीस मिनिटांचे आहे. आणि कारागिराला आधीच बजावून सांगा की क्रूसाला पॉलिश करायचे नाही. त्यांना सवय असते, न विचारता घासून चकचकीत करून देतात.

मार्थाची_मावशी | रविवार, रात्री ८.२०

हे माझ्या लक्षातच आले नसते. उद्याच मुलीला बरोबर घेऊन येते.